किल्लेदार काका

शहापूर असो, अनगोळ असो की वडगाव, बेळगावात प्रत्येक गल्लीला एक किल्लेदार असतो. त्याची नेमणूक कुणी केलेली नसते आणि त्याला काढून टाकायची सोयही नसते. एरवी तो उद्यमबागेतल्या एखाद्या कारखान्यात टर्नर, फिटर नाहीतर पॅटर्नमेकर. दसरा उलटला आणि पोरांनी अंगणात चार विटा-दगड जमवले, की पहिली पाळी सुटल्यावर जेवणाचा डबा घरात टाकून हा हजर. "काय करायलायस रे?" "किल्ला, काका." यावर तो नुसता हसतो. तिथं पोरांचा किल्ला संपतो आणि काकांचा सुरू होतो.

इथली एक अडचण कोल्हापूर-पुण्याच्या वाचकाला सांगायला हवी. कर्नाटकातल्या शाळांना लांब सुट्टी दसऱ्याची. दिवाळीला चार दिवस मिळाले तर नशीब. त्यामुळे तिकडची पोरं सुट्टीत निवांत माती कालवतात आणि आमची शाळा सुटल्यावर, दप्तर पायरीवर फेकून, अंधार पडेपर्यंत. मग दिवसा किल्ला राखणार कोण? काका रजा टाकतात. सख्ख्या मेव्हण्याच्या लग्नाला अर्ध्या दिवसात परतलेला माणूस बुरुजासाठी आठवडा काढतो, आणि हे काकू दरवर्षी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात.

परदेशातली पोरं डबा उघडून प्लॅस्टिकचं विमान जोडायची. एअरफिक्सच्या त्या डब्यात सुट्या भागांवर नंबर, सोबत सूचनांचा कागद, आणि विमान खऱ्याच्या बरोबर बहात्तरावा हिस्सा. आमच्याकडे डबा नव्हता, कागद नव्हता, आणि प्रमाणाशी तर उभं वैर. तांबड्या मातीच्या डोंगरावर वीतभर वाघ, त्याच्या शेजारी बोटभर मावळा आणि पायथ्याला प्लॅस्टिकचा रणगाडा. गावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्यामुळं असेल, रणगाडा कुणाला खटकत नसे. काकांना मात्र ठसठसायचा.

"राजगडाची उंची साडेचार हजार फूट. आपला किल्ला साडेचार फूट. म्हणजे एकास हजार. मग हे सहा इंची महाराज किती झाले? पाचशे फूट! काढून सोड ते."

महाराजांना काढायची कुणाची छाती? शेवटी एका पोरानं विचारलं, "काका, ती उंची समुद्रापासनं की अंगणापासनं?"

"समुद्रापासनं."

"मग आपलं बेळगावच अडीच हजार फुटांवर आहे की! आपला किल्ला अडीच हजार साडेचार फूट झाला."

काकांनी कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा कानावर ठेवली आणि पोराला पाणी आणायला पिटाळलं.

विटांवर गोणपाट, गोणपाटावर मातीचा काला आणि वर मोहरी, एवढंच आम्हाला ठाऊक. मोहरी काकूंच्या फोडणीच्या डब्यातली. चार दिवसांत डोंगर हिरवा आणि आमटी बिनफोडणीची. काकांची माती मात्र फाउंड्रीतल्या वाळूसारखी चाळून येई. बुरुजासाठी लाकडी साचा, तटाच्या जाडीला व्हर्निअर. संजीवनी माचीची तटबंदी दुहेरी असते, दोन्ही तटांच्या मधून माणूस चालतो, म्हणून तिथं मावळा बसतो का ते ते स्वतः घालून बघत. सूचना मराठीत, माप इंचात आणि शिव्या कन्नडात. शिव्या तेवढ्या आम्ही एका दिवाळीत पाठ केल्या.

त्यांचा वैताग आम्हाला तेव्हा कळला नाही. उभं आयुष्य या माणसानं कुठल्या तरी यंत्राचे सुटे भाग घासले. ते यंत्र कुठं बसलं, चाललं की बंद पडलं, हे त्याला कुणी कळवलं नाही. सगळे भाग आपल्यासमोर जागेवर बसलेले बघायचे तर राजगडच. त्यात आम्ही रणगाडा आणायचो.

सीमाप्रश्न व्हायचाच. सुवेळा माची वाढत वाढत शेजारच्या कन्नड अज्जींच्या अंगणात शिरली. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ सालचा आणि वाद अजून चालूच. अज्जींनी मात्र "इरली बिडप्पा" म्हणत तुळशीची कुंडी हातभर मागं घेतली आणि प्रश्न मिटला. मोबदल्यात त्यांच्या नातवाला कित्तूर हवं होतं. १८२४ साली चन्नम्मा राणीच्या लोकांनी थॅकरे कलेक्टरला जिथं लोळवलं, ते कित्तूर. काकांनी डोंगराच्या पलीकडच्या अंगाला ते उभं केलं, आणि तटाला तेच व्हर्निअर लावलं. राजगडापासून कित्तूर वीतभर अंतरावर आलं, त्याचं प्रमाण मात्र त्यांनी कुणाला काढू दिलं नाही.

निपाणीचा किल्लेदार वेगळ्या जातीचा. तो तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहितो, म्हणून गोणपाट फुकट. किल्ला नेहमी पन्हाळा, कारण तो तासा-दीड तासावर आणि शंका आली की जाऊन बघता येतो. फक्त गोणपाट भिजलं की तंबाखूचा असा भपका सुटतो की बाजीप्रभूंची खिंड लढायच्या आधी अर्धं सैन्य शिंकून पडतं.

स्पर्धेचे परीक्षक येतात तेव्हा किल्लेदार "पोरांनीच केलाय" असं म्हणून बाजूला उभा राहतो. हे बाजूला उभं राहणं जेमतेम एक मिनिट टिकतं. परीक्षकांनी विचारलं, "बाळ, ही कुठली माची?" बाळानं तोंड उघडायच्या आत काकांनी पद्मावती, सुवेळा, संजीवनी आणि बालेकिल्ला उरकून चोरदिंडीही दाखवली. बक्षीस उत्तेजनार्थ मिळालं. पहिला नंबर ज्या किल्ल्याला गेला, त्यावर रणगाडा होता.

काका दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी कागद घेऊन आले. "पुढच्या वर्षी सिंधुदुर्ग. १६६४ साली बांधायला घेतलेला. पायात शिसं ओतलंय म्हणतात. खरं, ओतकाम आपलंच की! शिसं नाही मिळालं तर पितळ चालंल."

काकूंनी त्याच संध्याकाळी माळ्यावरचा हंडा, घागर आणि दोन पातेली रिक्षात घालून माहेरी पोचती केली.