दुर्वा, हरळी आणि बर्म्युडा

आमच्या आजोबांचं निम्मं आयुष्य हरळी काढण्यात गेलं. कागलकडची दीड एकर जमीन. उन्हाळ्यात नांगरट झाली की घरातली झाडून सगळी माणसं ढेकळांतून हरळीच्या काशा वेचायची, बांधावर वाळवायची आणि पेटवून द्यायची. एखादं कांडं चुकून राहिलं तर पहिल्या वळवाला ते डोकं वर काढायचं. वैऱ्यांच्या यादीत आजोबा हरळीला पहिला नंबर देत, भाऊबंदांना दुसरा.

त्याच आजोबांच्या नातवानं, म्हणजे मी, निवृत्तीच्या पैशांतून कोल्हापुरात बंगला बांधला आणि पुढच्या चारशे चौरस फुटांत हरळी विकत आणून लावली. नर्सरीवाला तिला ‘लॉन’ म्हणाला, म्हणून मी पैसे मोजले. आई गावाहून आली ती फाटकातच थबकली. “घर झ्याक बांधलंस,” ती म्हणाली, “पन भांगलण तेवढी ऱ्हायली बग.”

या लॉनवर तीन संकटं ठरलेली. पहिलं गणपतीचं. भाद्रपद लागला की हरळीची दुर्वा होते आणि अख्खी गल्ली एकवीस-एकवीसच्या जुड्या खुडायला आमच्या दारात. देवाच्या कामाला नाही कसं म्हणणार? दुसरं फुटबॉलचं. कोल्हापुरात पेठेपेठेतल्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत, त्यामुळे चालायला लागलेलं पोर आधी लाथ मारायला शिकतं, मग बोलायला. आमच्या लॉनचा पेनल्टी बॉक्स झाला. तिसरं संकट म्हणजे मी स्वतः, आरामखुर्ची रोज एकाच जागी टाकणारा. सप्टेंबरअखेर लॉनला माझ्यासारखंच टक्कल पडलं. कडेनं दाट, मध्ये चकचकीत.

हे टक्कल व्हिडिओ कॉलवर जावईबापूंच्या नजरेस पडलं. मुलगी आणि जावई सिएटलला असतात. “बाबा, काळजी करू नका,” ते म्हणाले, “फॉलमध्ये ओव्हरसीडिंग करून टाका.”

“फॉल-पिकोचं काय म्हणतायत?” आतून सौभाग्यवतींनी विचारलं. त्यांच्या तीन साड्या महिनाभर फॉलवाचून पडून होत्या.

जावईबापूंनी समजावलं ते असं. सिएटलचा उन्हाळा कोरडा. पाणी घातलं नाही तर गवत पिवळं पडून झोपी जातं. उन्हाळा सरला की पाऊस परततो, जमीन मात्र अजून उबदार असते. अशा वेळी जुन्या गवतावरच नवं बी फेकलं की ते झटक्यात रुजतं आणि थंडीच्या आत मुळं धरतं. आपल्याकडे पिकात नांग्या भरतात, तोच प्रकार. फरक एवढाच, की आपण नांग्या भरतो त्या पोटासाठी.

“पण हे तिकडच्या समुद्राकाठच्या हवेला,” मी म्हणालो.

“मग कोल्हापूर तरी समुद्रापासून किती लांब?” गगनबावड्याचा घाट उतरला की कोकण, एवढा भूगोल त्यांना सासुरवाडीमुळे पाठ आहे. जावयाशी वाद घालायचा नसतो. त्यात अधिक महिना नुकताच झालेला असेल तर मुळीच नाही.

मग मी वाचायला बसलो आणि एक कौटुंबिक रहस्य कळलं. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत जे गवत मिरवतं, ते म्हणजे आपली हरळीच. परदेशी गेल्यावर तिनं नाव बदलून ‘बर्म्युडा’ करून घेतलं. आमच्याकडे बर्म्युडा म्हणजे जावईबापू सकाळी जी घालून अंगणात येतात आणि आई पदर तोंडाला लावून आत जाते, ती. तर तिकडच्या थंडीत ही हरळी तपकिरी पडते, म्हणून दर शरदात तिच्यावर राय नावाचं थंडीतलं गवत पेरतात. जॉर्जियातल्या ऑगस्टाच्या जगप्रसिद्ध गोल्फ मैदानावरही हेच करतात. कोल्हापूरची थंडी म्हणजे पहाटे स्वेटर आणि दहा वाजता तो कमरेला. अशा थंडीत हरळी झोपत नाही, नुसती रुसते. म्हणजे खरं तर काहीच करायला नको होतं. पण तोवर ऑनलाइन मागवलेलं दोन किलो राय येऊन पडलं होतं.

माळीमामांना बी दाखवलं. त्यांनी ते तळहातावर घेतलं, फुंकलं, दाताखाली धरून बघितलं. “सायेब, हरळीवर पेरनी? वाघाच्या पाठीवर कोंबडी बशिवल्यागत हाय हे.” तरी कामाला लागले. हरळी अगदी बुडापर्यंत कापली, दाताळ्यानं वाळका कचरा ओढून काढला, माती उकरली. माती कशी करावी यावर मामांची मतं ठाम. तरुणपणी ते तालमीत जायचे. हौद्याच्या तांबड्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती लोण्यासारखी करतात, तशीच इथंही करावी म्हणाले. ताकाचं नाव निघताच सौभाग्यवतींनी फ्रिजसमोर ठाण मांडलं. शेवटी चाळलेल्या शेणखतावर भागलं.

मुहूर्त आईनं काढला: घटस्थापना. मला तेव्हा कुठं उजेड पडला. शरद ऋतू, पत्रावळीवर माती, त्यात धान्य, रोज बेतानं पाणी, नऊ दिवसांत हातभर अंकुर. जावईबापू जे शास्त्र म्हणून सांगत होते, ते आई साठ वर्षं देव्हाऱ्यात करत आली होती, आणि तेही टक्कल पडायची वाट न बघता.

मग सुरू झाला मुकाबला. चिमण्या, साळुंक्या, होले सगळे जेवायला. मुंग्या तर एकेक दाणा डोक्यावर घेऊन रांगेनं निघाल्या, जणू अंबाबाईच्या दर्शनाला. मी माझा जुना सदरा आणि फेटा घालून बुजगावणं उभं केलं. पाखरं भ्यायली नाहीत. शेजारचे काका मात्र दोन दिवस त्याला रामराम घालत होते आणि तिसऱ्या दिवशी “हल्ली बोलत नाही” म्हणून माझ्यावरच रुसले.

पाचव्या माळेला हस्ताचा पाऊस आला. अर्धा तासच, पण सोंडेनं ओतल्यासारखा. बी, शेणखत आणि माझी चार दिवसांची राखण सगळं वाहून फाटकाजवळच्या कोपऱ्यात गोळा झालं. दसऱ्याला देव्हाऱ्यातला घट हिरवागार, कोपरा हिरवागार, आणि मधलं टक्कल धुऊन पुसून आणखी चकचकीत. आईनं घटातले अंकुर माझ्या टोपीत खोवले. “एवढं तरी उगवलं,” म्हणाली.

कोपऱ्यातलं राय मात्र असं माजलं की दिवाळीपर्यंत गुडघ्याला लागलं. जावईबापू फोनवर रोज विचारायचे, “पहिली कापणी केली का?” पाडव्याला कोल्हापुरात गवळी लोक म्हशी सजवून रस्त्यानं पळवतात: रंगवलेली शिंगं, मोरपिसं, गळ्यात माळा. त्यातलीच एक नवरीसारखी नटलेली म्हैस आमच्या उघड्या फाटकाशी थांबली, आत मान घातली, आणि तिनं पाच मिनिटांत बुडापासून एकसारखी कापणी केली. मशीनला जमली नसती अशी.

मी काठी शोधेपर्यंत गवळीमामा हात जोडून आत आले. खाली वाकून उरलेलं पातं चुरगाळून बघितलं. “सायेब, ह्यो तर एक नंबर चारा हाय! बी कुठनं आनलं?” संध्याकाळी त्यांनी शेर-भर धारोष्ण दूध पाठवलं, फुकट.

रात्री जावईबापूंचा फोन आला. सौभाग्यवतींनी माझ्या हातातून ओढून घेतला आणि म्हणाल्या, “अहो, पुढच्या वर्षी येताना त्या बियाचं चांगलं पाच किलोचं पोतं घेऊन या.”