लांब लिहा, जवळचं लिहा

संध्याकाळी सहाला हिंजवडीच्या फेज तीनमधून निघून वाकडच्या पुलापर्यंत पोचायला जो वेळ लागतो, त्यात दहा हजार शब्दांचा लेख वाचून होतो. कंपनीच्या बसमध्ये तो वाचणारेही असतात. अमेरिकेतला ठग, न उलगडलेला खून, एखाद्या गायकाचं विस्कटलेलं आयुष्य. इंग्रजी मासिकांतले हे लेख तरुण मुलं एकमेकांना आवर्जून पाठवतात. आवड उत्तमच आहे. पण ज्या गावात आपण पगार मिळवतो, त्या गावावर असा एक लेख मराठीत हवा, असं त्यांच्यापैकी कुणी म्हणत नाही. संपादकही म्हणत नाहीत. दोघांनाही आज जाब विचारायचा आहे.

विषय नाहीत, ही सबब चालणार नाही.

चैत्र पौर्णिमेला म्हातोबाचं बगाड हिंजवडीतून वाकडला निघतं. काचेच्या इमारतींच्या शेजारून बगाडावरचा गळकरी जातो, मागे हजारो माणसं. दुसऱ्या दिवशी पेपरात एक फोटो आणि ‘भक्तिमय वातावरणात’ हा ठरलेला मथळा. बगाडाचं लाकूड कुठून येतं, कुठला मान कुठल्या घराण्याकडे, शेत एमआयडीसीत गेल्यावर त्या घरांचं काय झालं, पोरं काय करतात? हे फोटोखालच्या दोन ओळींत मावत नाही. त्यासाठी वर्षभर त्या घरांच्या ओट्यावर बसावं लागतं.

गुन्ह्याचं घ्या. १ नोव्हेंबर २००७च्या रात्री बीपीओत रात्रपाळीला निघालेल्या तरुणीवर कंपनीने ठरवलेल्या कॅबच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने बलात्कार केला आणि गहुंजेजवळ तिचा खून केला. २०१२मध्ये फाशीची शिक्षा झाली, २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. दयेचे अर्ज फेटाळले गेले. फाशीसाठी जून २०१९मधली तारीखही ठरली. मग उच्च न्यायालयाने, सरकारी यंत्रणेने चार वर्षांहून अधिक दिरंगाई केली म्हणून, फाशी रद्द करून ३५ वर्षांची कैद दिली. डिसेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच मान्य केलं. प्रत्येक टप्प्याची बातमी आली. पण फाईल कुठल्या टेबलावर किती दिवस पडून राहिली, तिच्या घरच्यांनी सतरा वर्षं कशी काढली, रात्रीच्या कॅबचे नियम कागदावर बदलले की रस्त्यावरही, हे सलग वाचल्याशिवाय न्याय म्हणजे काय ते कळत नाही. सुट्या बातम्यांनी फक्त संताप येतो आणि आठवड्यात ओसरतो.

असं लिखाण मराठीला नवं नाही. श्री. ग. माजगावकरांनी १९६१मध्ये पुण्यात ‘माणूस’ हे नियतकालिक सुरू केलं. अनिल अवचट बिहारमध्ये जाऊन आले आणि १९६९मध्ये त्यांचं ‘पूर्णिया’ हे पुस्तक आलं. पुढे हमाल, विडी कामगार यांच्यात बसून त्यांनी ‘माणसं’ लिहिलं. गर्दच्या व्यसनात सापडलेल्या मुलांवर त्यांनी लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाईंनी देणगी दिली आणि १९८६मध्ये मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. मोठा लेख कोण वाचतो, असं विचारणाऱ्याला हे उत्तर पुरेसं आहे. तिकडे ‘न्यू यॉर्कर’ने ऑगस्ट १९४६मध्ये अख्खा अंक जॉन हर्सी यांच्या हिरोशिमावरच्या एका लेखाला दिला. अंक हातोहात संपला.

आजही ‘साधना’ आहे, ‘अनुभव’ आहे, पी. साईनाथ यांचं ‘परी’ मराठीतही येतं. हे वाचा, आणि वाचून झालं की पैशांचा विचार करा. अशा लेखाला सहा महिने लागतात. त्या सहा महिन्यांत लेखकाला घरभाडं, प्रवास, कोर्टाच्या कागदांच्या नकला हे सगळं परवडलं पाहिजे. दिवाळी अंकाच्या मानधनात यातलं काही बसत नाही. कंपन्यांच्या सीएसआरमधून हे करू नये, कारण ज्याच्यावर लिहायचं त्याच्याच पैशाने लिहिलेलं कुणी खरं मानणार नाही. पैसे वाचकाचेच हवेत. आणि दर महिन्याला तीन-चार ॲपची वर्गणी विनातक्रार भरणारा वाचक महाराष्ट्रात हिंजवडीइतका एका जागी क्वचितच सापडेल.

म्हणून संपादकांना एकच सांगणं: येत्या दिवाळी अंकातले चार हलके लेख गाळा आणि एका लेखकाला सहा महिने माण, मारुंजी, हिंजवडीत राहू द्या. शेत विकून भाडेकरू ठेवणारा शेतकरी, मराठवाड्यातून आलेला सुरक्षारक्षक, पहाटे चारला कँटीनच्या पोळ्या लाटणारी बाई, सगळे तिथेच भेटतील. आणि बसमधल्या वाचकांनो, त्या अंकाचे पैसे आधी भरा. लेख आवडला तर पुढे पाठवाच, पण फुकटची पीडीएफ पाठवू नका.