भाताला पाणी किती?

भाताला पाणी किती घालायचं हे आमची आत्या बोटाच्या पेरावर ठरवते. तांदळावर बोट टेकवायचं, पहिल्या पेरापर्यंत पाणी आलं की झाकण. तिचा भात कधी खिमट झाला नाही की बुडाला लागला नाही. त्यामुळे एका मे महिन्यात चुलत्यांनी "यंदा चार गुंठे इंद्रायणी लावून बघू" असं जाहीर केलं, तेव्हा तिनेच पहिल्यांदा विचारलं, "पाणी किती लागंल?"

आमच्या राहाता तालुक्यात भात पिकत नाही, शिजतो. शिर्डीच्या प्रसादालयात रोज हजारो माणसं जेवून उठतात. शेतात मात्र पेरू, ऊस, सोयाबीन.

मी कागद घेतला. चिखलणीपासून कापणीपर्यंत भाताला साधारण बाराशे मिलिमीटर पाणी. त्यात नुसत्या चिखलणीचंच दीडशे-दोनशे. मिलिमीटर म्हटलं की किरकोळ वाटतं, पट्टीवरच्या बारक्या रेघेएवढं. पण गुंठाभर रानात एक मिलिमीटर पाणी उभं करायचं तर शंभर लिटर लागतात, म्हणजे अर्धा ड्रम. चार गुंठ्यांचे झाले पावणेपाच लाख लिटरच्या वर. दहा हजारी टँकर धरले तर अठ्ठेचाळीस. आमचा पाऊस पाचशेच्या आतबाहेर. त्यातला चारशे पिकाच्या कामी आला असं उदार मनाने धरलं, तरी बत्तीस टँकर उरलेच. आणि हाती लागणार क्विंटलभर तांदूळ.

"हे बाराशे कुणी मोजले?" चुलते म्हणाले.

मग मी बाष्पीभवन पात्र समजावलं. चार फूट व्यासाचं, वीतभर खोल, पसरट भांडं. त्यातलं पाणी रोज किती उडालं ते बघायचं, त्यावरून पिकाची तहान काढायची, वर जमिनीत मुरणारं मिळवायचं. या भांड्यावर जाळी असते. कारण तिथे लिटरभर पाणी म्हणजे जवळजवळ एक मिलिमीटर. तहानलेलं कुत्रं लिटरभर पिऊन गेलं, की कागदोपत्री अख्ख्या शिवाराचं ऊन वाढतं. हे चुलत्यांना एकदम पटलं. "पाटाचं तेच," म्हणाले. "वरचा चारी फोडून पितो, अन् टेलवाल्याला पाणीपट्टी."

त्यांचं स्वतःचं यंत्र म्हणजे मूठ. माती मुठीत दाबायची, गोळा खाली टाकायचा. तो कसा फुटतो त्यावरून वाफसा आहे की नाही ते कळतं. पण भाताला वाफशाशी देणंघेणं नाही. त्याला पाण्यात पाय सोडूनच बसायचं असतं. अशी बैठक आमच्याच जिल्ह्यात, शंभरेक किलोमीटरवर, अकोले तालुक्यातल्या भंडारदऱ्याकडे जमते. तिथे खाचरांना दारं धरायला कुणी रात्री बॅटरी घेऊन उठत नाही. ते काम आभाळ करतं. तिथलंच पाणी १९२६ साली पुऱ्या झालेल्या धरणात अडतं आणि प्रवरेच्या कालव्याने आमच्या तालुक्यात येतं. म्हणजे भाताचं पाणी इथे पोहोचतं, फक्त भाताला सोडून.

इतक्यात आत्याने नको ते विचारलं. "अन् उसाला रे?"

उसाला दोन हजारांच्या पुढे. १९५० साली लोणीचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तेव्हापासून ऊस म्हणजे घरचा जावई. त्याच्या ताटातल्या पोळ्या मोजायची आमच्याकडे पद्धत नाही. मी सारवासारव केली, की ऊस बारा महिने पितो, भात चार-साडेचार. रोजचं धरलं तर भातच जास्त पितो.

"म्हंजी भात पिण्यात जोरकस, ऊस टिकाऊ," आत्या म्हणाली आणि कुकर लावायला उठली.

त्या चार गुंठ्यांत शेवटी पेरूच लावला, ठिबकवर. ठिबकला पाण्याचा मीटर बसवलाय. उसाला नाही.