वाढीव मापाचे हळेबीड

‘अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी’ या २०१७च्या व्हिडिओ गेमने पश्चिम घाटात होयसळ राजांचे हरवलेले वैभव शोधून काढले, याबद्दल कर्नाटकाने कॅलिफोर्नियाचे आभारच मानायला हवेत. होयसळांचे खरे हळेबीड कधी हरवलेच नव्हते. बेंगळुरूतल्या बनशंकरीहून सकाळी निघालेला माणूस जेवणाच्या वेळेला तिथे पोचतो. पण रस्ता विचारून सापडणाऱ्या गावात उड्या कुठे मारणार? म्हणून गेममध्ये डोंगराशी स्पर्धा करणाऱ्या देवमूर्ती आल्या. खऱ्या होयसळांची मिजास उलटी होती : मऊ शंखजिऱ्यात बोटभर दागिना कोरायचा आणि खाली सही ठोकायची. मल्लितम्मासारख्या शिल्पींची नावे सातशे वर्षांनंतरही वाचता येतात.

यावरचे उत्तर ठरलेले : गेम म्हणजे पाठ्यपुस्तक नव्हे. कबूल. मग जीपच्या चाकांना लागणारा चिखल इतका हुबेहूब कुणासाठी? बारकाईशी वैर नाहीच. ती फक्त गाड्या आणि काडतुसांसाठी राखीव आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार : निदान होयसळ हे नाव तरी जगभर गेले. खरे आहे. पण युनेस्कोने २०२३मध्ये बेलूर, हळेबीड आणि सोमनाथपूरच्या मंदिरांना जागतिक वारसा मानले ते कोरीवकामाकडे पाहून, उंची मोजून नव्हे. बनशंकरीच्या देवळात राहुकाळी लिंबाच्या उलट्या केलेल्या वाटीत इवलासा दिवा लावतात. गेमवाल्यांच्या हाती पडला तर त्याची मशाल होईल. पुढच्या गेमसाठी एवढीच विनंती : मूर्ती शंभरेक फुटांनी बुटक्या करा, आणि त्या नीट पाहता याव्यात म्हणून दोन मिनिटे गोळीबार थांबवा.