शेजारच्या गच्चीवर, मार्गे समुद्र

गिर्यारोहण म्हणजे वर जाणं, ही समजूत हॉय बेटावर टिकत नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी द्वीपसमूहातल्या या बेटाजवळ समुद्रात 'ओल्ड मॅन ऑफ हॉय' नावाचा तांबूस वालुकाश्माचा सुळका एकटाच उभा आहे. उंची १३७ मीटर. रॅकविक गावातून चालत कड्यावर आलं, की त्याचा माथा समोर जवळपास आपल्याच उंचीवर दिसतो. आता निसरड्या गवतातून थेट समुद्रापर्यंत उतरायचं, सुळका चढायचा, उतरायचा आणि पुन्हा कडा चढायचा. शेजारच्या गच्चीवर जाण्यासाठी एवढा द्राविडी प्राणायाम दुसरीकडे कुठे होत नसेल. जमाखर्च मांडला तर उंचीच्या खात्यात शिल्लक शून्य.

कोणी म्हणेल, माथ्यावरून देखावा असेल की! असतो, कड्यावरून दिसतो तोच. फक्त त्यात सुळका नसतो, आणि लोक तर तोच बघायला आलेले असतात. बरं, युगानुयुगांचं आव्हान म्हणावं, तर १७५० च्या सुमाराच्या नकाशात हे म्हातारबुवा नाहीतच. तिथे सलग भूशिर आहे. म्हणजे आपला शनिवारवाडा यांच्यापेक्षा वडील. १८१७ च्या सुमारास विल्यम डॅनियलने काढलेल्या चित्रात त्यांना दोन पाय आहेत. त्यातला एक पुढे समुद्राने नेला.

राहता राहिली कीर्ती. १९६६ मध्ये ख्रिस बॉनिंग्टन, रस्टी बेली आणि टॉम पेटी पहिल्यांदा वर पोचले. पुढच्याच वर्षी बीबीसीने चढाई थेट दाखवली आणि दीडेक कोटी लोकांनी ती घरात बसून पाहिली. थरार तोच, अंग कोरडं. शहाणे कोण, हे उघड आहे. तरी बॉनिंग्टन २०१४ मध्ये, ऐंशीव्या वर्षी, पुन्हा चढले.

निसर्गाशी झुंज हा शेवटचा मुद्दा मात्र मान्य. कपारीकपारीत फुलमार पक्षी घरटी करून असतात. धरायला वर हात घातला, की पिल्लूसुद्धा पोटातलं कुजक्या माशांच्या वासाचं तेल नेमकं तोंडावर ओकतं. तो वास कपड्यांतून सहजी जात नाही. शिवाय दुसऱ्या टप्प्यावर आडवं सरकताना मागे एक दोर बांधून ठेवावा लागतो. तो विसरला, तर परतताना चढणारा कड्यापासून लांब, हवेत गिरक्या घेत लोंबकळतो, आणि फुलमारांना निवांत नेम धरता येतो.