मेल गेला कुठं? (नवशिक्यांसाठी, चोरखमारा फाटकावरून)

साहित्य: भाच्यानं फुकटात बनवून दिलेली वेबसाइट, तिच्यावर 'चौकशी करा' असा फॉर्म, फॉर्ममागे पीएचपीची दहा-बारा ओळींची स्क्रिप्ट, भाड्याचा सर्व्हर आणि मोबाईलला रेंज येईल अशी जागा. यातली शेवटची वस्तू नागझिऱ्यात सगळ्यांत दुर्मीळ. अभयारण्यातल्या विश्रामगृहांपर्यंत तर विजेची तारसुद्धा गेलेली नाही. म्हणून आम्ही होमस्टेवाले फाटकाबाहेर, घरामागच्या बांधावर मोहाच्या झाडाखाली उभे राहून सर्व्हर दुरुस्त करतो. मार्चच्या शेवटी मात्र तिथं पहाटे जाऊ नये. मोह वेचायला आलेल्या बाया विचारतात, "काऊन जी, काय शोधून राह्यले?" एसपीएफ रेकॉर्ड शोधतोय, हे त्यांना पटत नाही. अस्वलही मोहासाठीच येतं. ते काही विचारत नाही.

लक्षणं: पाहुणा फॉर्म भरतो. पडद्यावर हिरव्या अक्षरांत उमटतं, 'आपला संदेश पाठवला आहे, धन्यवाद.' तुमच्याकडे काही येत नाही. पाहुण्याला जी पोच जायला हवी, तीही जात नाही. आठवड्यानं त्याचा फोन येतो, तोवर त्यानं दुसरीकडे खोली घेतलेली असते. फोन फक्त तुम्हाला सुनवायला केलेला असतो.

पायरी पहिली. हिरव्या अक्षरांवर विश्वास ठेवू नका. पीएचपीचं मेल() हे फंक्शन 'ट्रू' म्हणतं, त्याचा अर्थ एवढाच की सर्व्हरनं पत्र आपल्याच घरातल्या सेंडमेल नावाच्या नोकराकडे सोपवलं. चिठ्ठी एसटीच्या कंडक्टरच्या हातात दिली, इतकंच. पुढं गाडी बंद पडली, कंडक्टर विसरला, गावात त्या नावाचे दोघं निघाले, यातलं काही त्या 'ट्रू'ला ठाऊक नसतं. आमच्याकडे तर हे लहान पोरालाही समजावं. इथंच जन्मलेला जय वाघ २०१३ मध्ये नागझिरा सोडून उमरेड-कऱ्हांडल्याला गेला, देशभर गाजला, गळ्यात रेडिओ कॉलर होती, आणि एप्रिल २०१६ नंतर तो कुणालाच सापडला नाही. तुमच्या मेलच्या गळ्यात तर कॉलरही नाही.

पायरी दुसरी. लॉग वाचा. इथं घाई नको. लॉग म्हणजे पाणवठ्याकाठचा ओला चिखल; जे गेलं त्याचा ठसा तिथं असतोच. 'सेंट' आणि २५० हा आकडा दिसला, तर पुढच्या सर्व्हरनं पत्र घेतलं. पाचनं सुरू होणारा आकडा म्हणजे साफ नकार, आणि शेजारी बहुधा कारणही लिहिलेलं असतं; ते वाचायची पद्धत आपल्याकडे नाही, पण पाडावी. चारनं सुरू होणारा आकडा म्हणजे 'नंतर या'. काही सर्व्हर अनोळखी पाहुण्याला मुद्दाम एकदा परत पाठवतात. सज्जन सर्व्हर थोड्या वेळानं पुन्हा दार वाजवतो, चोरटा सहसा फिरकत नाही. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसलेल्यांना हे माहीत असतं: जनावर एकदा डोकावून मागं वळलं म्हणून वहीत 'गेलं' असं लिहायचं नसतं.

लॉग कुठं असतो? सीपॅनेल असेल तर 'ट्रॅक डिलिव्हरी' पाहा. नसेल तर होस्टिंगवाल्यांना विचारा. ते आधी 'ब्राउझरची कॅश साफ करा' म्हणतील. करा. मेल येत नाही, पण त्यांना बरं वाटतं.

पायरी तिसरी. पाठवणाऱ्याचं नाव तपासा. बहुतेक भाचे इथंच घसरतात. फॉर्म भरणाऱ्याचाच पत्ता ते 'फ्रॉम'मध्ये घालतात. म्हणजे तिरोड्याच्या सर्व्हरनं नागपूरच्या माणसाची सही ठोकून पत्र पाठवायचं! १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपीचे नियम लिहिले, तेव्हा पाठवणाऱ्याची ओळख पटवायची सोय त्यात नव्हती. सगळे एकमेकांना ओळखत होते. आता फाटकावर यादी बघतात. 'फ्रॉम'मध्ये स्वतःच्या डोमेनचा पत्ता हवा, पाहुण्याचा पत्ता 'रिप्लाय-टू'मध्ये.

पायरी चौथी. ती यादी म्हणजे एसपीएफ: माझ्या नावानं कोणते सर्व्हर पत्र पाठवू शकतात, याची डीएनएसमधली एक ओळ. एक. मी उत्साहानं जुनी तशीच ठेवून दुसरी टाकली. दोन याद्या दिसल्या की समोरचा सर्व्हर दोन्ही बाद धरतो, आणि आपण आधीपेक्षा वाईट अवस्थेत पोचतो. सोबत डीकेआयएम म्हणजे पत्रावरची मोहर, आणि डीमार्क म्हणजे मोहर-यादी न जुळल्यास काय करायचं याचा हुकूम. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलनं दिवसाला ५००० च्या वर पत्रं पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचं केलं. आमच्या तीन खोल्या; पण एसपीएफ किंवा डीकेआयएम यातलं एक तरी सगळ्यांकडेच मागतात.

पायरी पाचवी. एवढं करूनही जमेना, तर मेल() सोडून द्या. पीएचपीमेलर घ्या आणि ५८७ पोर्टवरून नाव-पासवर्ड देऊन रीतसर पाठवा. २५ पोर्ट पुष्कळ ठिकाणी बंद असतं. ५३५ आला तर पासवर्ड चुकलाय. नाही, तुम्हाला पाठ आहे तो नव्हे, स्क्रिप्टमध्ये लिहिलाय तो.

या पाच पायऱ्यांनी पाहुण्यांना पोच जायला लागली. मला मात्र चौकशीचं एकही पत्र येईना. लॉगमध्ये 'सेंट', आकडा २५०, सगळं झकास. चार दिवसांनी त्याच ओळीत 'लोकल' हा शब्द दिसला, जो मी रोज वाचून सोडून देत होतो. झालं असं होतं, की आमच्या डोमेनची टपालपेटी भाच्यानं केव्हाच दुसऱ्या कंपनीकडे हलवली होती. वेबसाइटच्या सर्व्हरला ते कुणी सांगितलं नव्हतं. त्याला वाटे, हा पत्ता तर आपल्याच घरचा. बाहेर पाठवायचं कशाला? तो प्रत्येक पत्र आपल्याच एका कोपऱ्यात नीट ठेवून देई. यालाच पायरी सहावी समजा: सीपॅनेलमध्ये 'ईमेल राउटिंग' उघडा आणि 'लोकल'च्या जागी 'रिमोट' करा. वेळ, अर्धा मिनिट.

मग ती कोपऱ्यातली पेटी उघडली. एकेचाळीस पत्रं. दिवाळीत दोन खोल्या मिळतील का, आजोबांना जिप्सीत चढता येईल का, जेवणात झणझणीत नको, आणि अर्थातच, वाघ दिसेल ना नक्की? तळाशी सगळ्यांत जुनं पत्र होतं, वेबसाइट सुरू झाली त्या दिवसाचं, माझंच मला: 'चाचणी. मिळालं तर भाच्याला कळवणे.'