सोवळ्यातला पेंग्विन

पेंग्विनचं चिन्ह मिरवणाऱ्या लिनक्सवर फोनमधला लग्नाचा व्हिडिओ उघडेना, की कुणीतरी म्हणतंच, ‘फुकटातलं ते, एवढंच चालायचं.’ अहो, चालतं सगळं. वाढायचं कुणाच्या हातानं, एवढाच सोवळ्या-ओवळ्याचा प्रश्न आहे.

लिनक्सची फेडोरा ही आवृत्ती बघा. एच.२६४ हा व्हिडिओचा प्रकार पेटंटांनी जखडलेला, आणि फेडोरामागे रेड हॅट ही अमेरिकी कंपनी. म्हणजे वकील आलेच. २०१३ मध्ये सिस्कोनं औदार्य दाखवलं: ओपनएच२६४चा कोड खुला, पेटंटचे पैसे आम्ही भरू, फक्त तयार फाइल आमच्याकडूनच उतरवायची. मग काय, फेडोरावालेच ती फाइल बांधतात, सिस्कोकडे पाठवतात, आणि सिस्कोच्या सर्व्हरवरून ती तुमच्या घरी येते. स्वयंपाक यांचा, पान त्यांनी वाढलं म्हणून शुद्ध!

२०२२ मध्ये सोवळं आणखी कडक झालं. ग्राफिक्स कार्डाला एच.२६४ आणि एच.२६५ उलगडता येत असूनही फेडोरानं मेसा ड्रायव्हरमधली ती सोय बंद केली. कार्ड हातावर हात ठेवून बसलेलं, प्रोसेसर घामाघूम, पंखा बोंबलतोय. इलाज मागल्या दारी: आरपीएम फ्यूजन हे स्वयंसेवकांचं भांडार.

डेबियन या दुसऱ्या आवृत्तीची तऱ्हा निराळी. डीव्हीडीचं कुलूप उघडणारी लायब्ररी तिथल्या पॅकेजमध्ये नसतेच. ती आणायची व्यवस्था तेवढी असते. कोड व्हिडिओलॅन या प्रकल्पाकडून उतरतो आणि तुमच्याच संगणकावर बांधला जातो. यजमान तुम्ही, पापही तुमचं. हे कुलूप १९९९ मध्येच फुटलं होतं. त्यापायी नॉर्वेतल्या यॉन योहानसेन या पोराला कोर्टात उभं केलं. २००३ मध्ये तो निर्दोष सुटला. आता लॅपटॉपमधून डीव्हीडी ड्राइव्हच गेला, पॅकेज आपलं आहे तिथंच आहे.

उबुंटू व्यवहारी. इन्स्टॉल करताना ‘हे असलं सगळं हवं का?’ विचारणारी एक चौकट दाखवतं. टिचकी तुम्ही मारायची. एमपी३ची गंमत वेगळीच: २०१७ मध्ये पेटंटच्या परवान्याचा कारभार आटोपला. गाणी तीच, फाइली त्याच, तारीख उलटली आणि विटाळ गेला.

पेनड्राइव्हचंही तेच. त्यावरच्या एक्सफॅट या मांडणीचा तपशील मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये खुला केला, तेव्हा लिनक्सच्या गाभ्यानं, म्हणजे कर्नलनं, तिला घरात घेतलं. विंडोजच्या एनटीएफएस मांडणीसाठी पॅरागॉन कंपनीचा ड्रायव्हर २०२१ मध्ये कर्नल ५.१५ मध्ये आला. तरी ड्राइव्हवर काही लिहू देईना, तर शिव्या लिनक्सला घालू नका. विंडोज आपण ‘शट डाउन’ करतो, पण ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर ते पुरतं बंद होतच नाही. अर्धवट सोडलेल्या ड्राइव्हवर लिहून नुकसान नको, म्हणून लिनक्स तो नुसता वाचायला देतं. फास्ट स्टार्टअप काढून टाकलं की काम झालं. त्यासाठी अर्थात विंडोजमध्येच जावं लागतं.